पाणी न मागणारी गाडी

“हे सांगितलं ना, तर कुणाच्या बापाला खरं वाटायचं नाही,” कान्होजीराव म्हणाले, आणि उषाताईंनी नाकाशी पदर आणखी घट्ट धरला. नवऱ्याची गोष्ट सुरू झाली की गाडीचं गिऱ्हाईक पळतं, हा आजवरचा अनुभव.

दौलतगंजातल्या त्यांच्या अंगणात टू सीव्ही नावाची जुनी फ्रेंच मोटार उभी होती. गोगलगायीसारखी पाठ, पन्हाळी पत्र्यासारखं बॉनेट, वर गुंडाळून ठेवायचं कापडी छप्पर. कुणी फ्रेंच इंजिनीअर मायदेशी जाताना विकून गेला, तेव्हापासून कान्होजीरावांचा जीव तिच्यात. किल्ली करगोट्याला, दुसऱ्या कुणी दाराला हात लावायचा नाही. हल्ली ती चालत नव्हती, नुसती वास मारत होती. कुजकट, तेलकट, घशात चिकटून बसणारा वास. चहाच्या घोटातही तोच. बाळंतीण लेक स्मृती माहेरी आली आणि ओकाऱ्या काढत दुसऱ्याच दिवशी सासरी परतली. “गाडी गेली तरच बाळाला आणीन, आई. नाहीतर बारसं इथे सासरीच करून टाकू.”

पहिल्या नातीचं बारसं, आणि पाळणा व्याह्यांकडे!

म्हणून उषाताईंनी इंदूरचा गुरुप्रसाद शोधला होता. जुन्या गाड्या घेऊन पुन्हा रस्त्यावर आणणारा पोरगा. गाडी पाहून तो हरखला, पण कान्होजीरावांनी दार उघडताच मागे सरला.

“काकाजी, ही बदबू कसली? आत काही मेलंय का?”

“मेलंय? अरे, मेलेलं प्यायली आहे ही! चंबळच्या बेहडात, त्या घळींमध्ये, इंजिन तापलं. वाफ अशी निघाली की दबा धरून बसलेले डाकू देव प्रकटला समजून पाया पडले. रेडिएटर ठणठणीत कोरडा. त्यांच्या सरदारानंच बादली भरून आणली, डबक्यातली. डबक्यात म्हैस मरून फुगलेली, वर हिरवी साय, खाली अळ्या वळवळताहेत. ओतलं! गाडी जी सुटली ती थेट आपल्या इथल्या टोपी बाजारात थांबली. पण ते पाणी लोखंडात मुरलं, बाबा. पत्रा बदल, सीट बदल, रंग दे. वास जन्मात जायचा नाही.”

गुरुप्रसादनं तोंडावर रुमाल दाबला. “काकी, माफ करा. ये तो... रहने दो.” तो फाटकाकडे वळला. कान्होजीराव मिशीत हसले.

उषाताईंना व्याह्यांच्या घरी हलणारा पाळणा दिसला. पदर खोचून त्या गाडीत वाकल्या आणि मागचं बाकडंच ओढून काढलं. खाली दसऱ्याचे नारळ! गाडीच्या पूजेचा नारळ वर्षभर आत ठेवायचा आणि नवा आला की जुना नदीत सोडायचा, अशी घरची रीत. ह्यांनी ठेवायचं तेवढं नेमानं केलं होतं. काळ्या शेंड्या, तडकलेल्या कवट्या, त्यातून ओघळलेला पिवळा चिकट रस आणि त्यात बुडालेल्या माश्या. उषाताईंनी एक नारळ शेंडीला धरून बाहेर काढला.

“गुरुप्रसाद, मागे फीर! वास ह्याचा आहे, हे फेकलं की गेला. आणि अहो, लग्न होऊन आले तेव्हापासून माझे कान किटवलेत ना, आमची गाडी हवेवर थंड होते, पाण्याचा थेंब मागत नाही म्हणून? मग म्हशीचं ते पाणी ओतलंत कुठे, स्वतःच्या टोपीत? खोटारडे कुठले! हिला रेडिएटरच नाही!”