ओल्या फरशीवर अनवाणी

ऐक ना, मधे बोलू नको, आधी सगळं ऐक. चैताली माहितीये ना, तळेगावला कंपनीत पॅकिंगला आहे ती? तिची आई, हिरामावशी, महिन्यापूर्वी बाथरूममध्ये घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, परत पडल्या तर उभं राहणं अवघड. शनिवारी वॉकर घेऊन घरी येणार होती.

म्हणून चैतालीनं बाथरूमची फरशी बदलायला काढली. सोमाटण्याच्या दुकानात जाऊन काय केलं सांगू? चपला काढल्या, टाइल्सवर पाणी ओतलं, वर शाम्पूची पुडी फोडली आणि एकेकीवर अनवाणी उभी राहिली! दुकानदार म्हणतो, "ताई, फरशी घेताय का अंघोळ करताय?" तिनं लक्षच दिलं नाही. शेवटी एक राखाडी, खरखरीत, दिसायला अगदी सुमार अशी घेतली. तिच्यावर पाय हलत नव्हता म्हणून.

शुक्रवारी फर्स्ट शिफ्ट करून घरी येते, तर बाथरूम पांढरंशुभ्र, आरशासारखं! तिचा भाऊ आकाश लोणावळ्याला एका बंगल्यावर केअरटेकर आहे. तिथल्या उरलेल्या टाइल्स पठ्ठ्यानं टेम्पोत घालून आणलेल्या. राखाडी फरशी मागं पत्र्याखाली.

"हे काय रे?"

"इम्पोर्टेड आहे, ताई! परवा मुलीकडचे येणारेत. तुझ्या फरशीनं गोठा वाटला असता."

"आणि आई?"

"आई चालेल की जरा जपून."

बस्स! जपून? म्हणजे आई पडली ती तिच्याच चुकीनं? चैतालीचं डोकं असं सणकलं ना! उरलेली एक टाइल तिनं अंगणात टाकली, वर साबणाचं पाणी. "चप्पल काढ. राहा उभा."

आकाश हसत चढला, पाय सटकला, आणि त्यानं गपकन हिचाच खांदा धरला.

"आईनं कुणाचा धरायचा? आपण दोघंही कामावर असतो."

"पण आता बसवून झाल्यात ना!"

चैताली दारात उभ्या गवंड्याकडं वळली. "हनुमंतभाऊ, टाइल्सखालचा सिमेंटचा माल ओला आहे?"

"ओलाच हाय. पर ताई, आता काढलं तर दोन-तीन दिस तितं पाय ठेवता यायचा न्हाई. पाव्हणं यायच्यात."

तिनं त्यांच्या हातातली थापी घेतली, बाथरूममध्ये गेली आणि पहिली टाइल उपटली. मग दुसरी. सिमेंटनं हात भरले, एक नख तुटलं.

"माझं लग्न मोडायचंय का तुला?" आकाश ओरडला.

"लग्न दुसरं जमेल. आईला दुसरा खुबा कुठनं आणू?"

आईला तीन दिवस मामाकडं ठेवावं लागलं. रविवारी पाहुणे आले, तर अंगणात टाइल्सचा ढीग आणि मुलीच्या वडलांना हातपाय धुवायला शेजारी पाठवायची पाळी. मुलीकडून अजून फोन नाही. आकाश ताईशी बोलत नाही, ठीक आहे. पण हिरामावशी काय म्हणाली माहितीये? त्याच राखाडी फरशीवर वॉकर टेकवून म्हणाली, "पाहुणे जाईस्तोवर तरी थांबायचं होतंस, पोरी."

तेव्हापासून चैताली नुसती धुमसतीये. सांग ना, तिच्या जागी तू काय केलं असतंस?