बन्सीधर मास्तरांची पाठ

झरीच्या शाळेचे ड्रिल मास्तर बन्सीधर यांची पाठ कधी मातीला लागली नव्हती. तालमीत लागली असेल, वस्तादापुढं कुणाची लागत नाही? पण तालमीतलं कुणी धरत नाही. चार लोकांच्या देखत, हलगी वाजत असताना लागते तेच खरं लागणं. तशी ती लागली नाही, आणि त्याच पुण्याईवर निजामाच्या अमदानीत शाळेनं त्यांना ड्रिल मास्तर करून टाकलं. दाखला नव्हता, पण दंड होते.

पुढं मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि दंडांचा भाव उतरला. हेडमास्तरांनी बोलावून सरळ सांगितलं, उन्हाळ्यात परभणीला व्यायामशिक्षकांचं शिबिर आहे, तिथून पास होऊन या, नाहीतर जूनमध्ये शिकलेला माणूस ठेवावा लागेल. बन्सीधर चाळिशी ओलांडलेले. गुडघे कुरकुरायला लागलेले. नोकरी गेली तर जत्रेत म्हाताऱ्या पहिलवानाला नारळ फोडायला बोलावतात, तेवढाच मान उरणार होता.

निघताना कमलबाईंनी धपाट्यांचं गाठोडं हातात दिलं आणि नवऱ्याला चांगलं ओळखून असल्यामुळं वर उपदेशही दिला.

"साहेब म्हणतील तसं करा. तिथं कुस्तीचा फड मारायला न्हाई चाललाव तुमी."

शिबिर गमतीचं निघालं. शिकवणारे दिनकरराव अंगानं काटकुळे, अर्ध्या चड्डीतले, पण बोलणं असं की ऐकत राहावं. बन्सीधर आजवर सगळ्या पोरांना एकाच मापानं जोर काढायला लावत. जाडा असो, लुकडा असो, काढ जोर. नाही निघाले तर उभा राहा उन्हात. दिनकररावांनी सांगितलं की अशक्त पोराला आधी खेळ द्यावा, मग जोर. बन्सीधरांना झरीची कितीतरी लुकडी पोरं आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली. लेझमीत त्यांचा पाय चुकायचा, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तेच हसायचे.

नाट लागला तो कोलांटीपाशी. गाद्या अजून आल्या नव्हत्या, म्हणून दिनकररावांनी मैदानाचा एक कोपरा उकरून माती मऊ करवून घेतली. उकरलेली लाल माती, भोवती बसलेले मास्तर. फक्त हलगीच तेवढी नव्हती. आणि कोलांटीत डोकं खाली घालून पाठीवरनंच जायचं असतं.

बन्सीधरांच्या पोटात त्याच वेळी कळ आली. दुसऱ्या दिवशी ते पाणी आणायला विहिरीवर गेले. तिसऱ्या दिवशी माती अजून भुसभुशीत हवी म्हणत त्यांनी कुदळ घेतली आणि तास संपेपर्यंत खणत राहिले.

हे सगळं चुडाव्याचे भुजंग मास्तर मिशीत हसत बघत होते. तेही पहिलवानकीतूनच मास्तर झालेले. तरुणपणी दोघांची एका जत्रेत कुस्ती लागली, दिवेलागण झाली तरी निकाल लागेना, शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली. तेव्हापासून बन्सीधरांची पाठ बघायची राहिली, हे भुजंग भेटेल त्याला सांगत.

"खण, बन्सी, खण," ते म्हणाले. "आज न्हाई तर उद्या लागणारच हाय की."

दिनकरराव पुण्याचे असले तरी आंधळे नव्हते. परीक्षेचा तास प्रत्येकाला त्यांनीच नेमून दिला, आणि बन्सीधरांच्या वाट्याला बरोबर कोलांटी आली.

त्या दिवशी गावातली पोरं गोळा करून आणली होती. बन्सीधरांनी शिट्टी वाजवली, लहान पोरं पुढं घेतली, एक छोटा खेळ घेऊन अंग गरम केलं. सगळं नव्या रीतीनं, फर्मास. दिनकरराव मान हलवत होते. मग बन्सीधरांनी तोंडानं कोलांटी समजावली. हात कुठं, हनुवटी कुठं, सगळं अचूक. आणि म्हणाले, "चला, एकेक जण या."

कुणीच हललं नाही.

"कामून रे?"

पुढच्या रांगेतलं एक पोरगं धीटपणे बोललं. बापाच्या खांद्यावर बसून त्यानं झरीच्या जत्रेत बन्सीधर बघितले होते. "मास्तर, तुमी कवाच पाठ लावली न्हाई. मग आमालाच कामून लावायला सांगायलाव?"

मागं भुजंग खोकले. नोकरी जाईल ही भीती बन्सीधरांना होतीच, पण त्याहून वाईट वाटलं ते त्या पोराच्या तोंडाकडं बघून. त्याला खरोखर वाटत होतं की मास्तर त्याची इज्जत घ्यायला निघालेत. असल्या पोराला रागावून कोलांटी मारायला लावता येते, आणि जन्मभर त्याच्या मनातून उतरताही येतं.

बन्सीधरांनी सदरा काढून बाजूला ठेवला. सवयीनं वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला. मग हनुवटी छातीला टेकवली आणि गेले. अख्खा पहिलवान माणूस, धप्पदिशी आवाज झाला, पण कोलांटी सरळ पडली. उठून उभे राहिले तेव्हा मानेपासून कमरेपर्यंत पाठ मातीनं लाल झाली होती.

"लागली," ते पोरांकडं वळून म्हणाले. "बगा, काई झालं न्हाई मला."

मग काय विचारता. पोरं एकमेकांना ढकलत मातीत शिरली, रांग मोडली, शिट्टी कुणी ऐकेना. दिनकररावांनी हसतच पास म्हणून सांगितलं, रांगेबद्दल मात्र दोन शब्द सुनावले.

गलका ओसरल्यावर भुजंग उठून आले. आता हा काय बोलतो म्हणून सगळे कान देऊन राहिले. कुस्ती संपल्यावर जिंकणारा हरलेल्याची पाठ झाडतो, तशी भुजंगांनी खांद्यावरचा पंचा घेऊन बन्सीधरांची पाठ झाडायला सुरुवात केली. त्यांचे डोळे भरून आले होते.

बन्सीधरांनी हात मागं नेऊन पंचा धरला.

"राहू दे, भुजंगा. झरीपर्यंत अशीच नेतो. कमलबाईला दाखवायचीय."