लिहून होईपर्यंत

सहायिकेने स्टॉपवॉचचं बटण दाबलं आणि कागदावर आकडा टाकला: अकरा. हेडफोनमध्ये चाललेल्या रेकॉर्डिंगमधली बाई उत्तर देऊन मोकळी झाली होती. उत्तर अगदी बरोबर होतं, पण चाचणीच्या नियमपुस्तिकेला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत किती सेकंद गेले, एवढंच पुस्तिका विचारत होती. पाचच्या वर गेलं की ‘द्विधा मनःस्थिती’.

ही सव्विसावी बाई, म्हणजे यादीतली शेवटची. सव्वीस पुरुष आधीच उरकले होते.

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात इन्चार्जची खुर्ची रिकामी झाली होती. त्या खुर्चीवर बाई बसवावी की नाही, यावर वरच्या लोकांचं एकमत होईना, म्हणून त्यांनी, सहायिका ज्यांच्या हाताखाली काम करत होती त्या सरांना, शास्त्रीय अभ्यास करून द्यायला सांगितलं होतं. सरांनी परदेशात नावाजलेली एक चाचणी आणली, तिचं भाषांतर करून घेतलं आणि सहायिकेला कामाला लावलं. पुरुषांची सरासरी आली तीन सेकंद, बायकांची नऊ. सरांना नवल वाटलं नाही. कोणालाच वाटलं नाही. सहायिकेच्या नवऱ्याने तर “एक चप्पल घ्यायला तू दीड तास लावतेस, त्याला संशोधन कशाला हवं?” म्हणून हसून घेतलं होतं, आणि तीही त्याच्याबरोबर हसली होती.

अहवाल उद्या अकराच्या बैठकीत जायचा होता. फक्त या सव्विसाव्या बाईची संमतिपत्रावर सही राहिली होती. सहायिकेने कागद पिशवीत घातला आणि ती दोन गल्ल्या ओलांडून नियंत्रण कक्षात गेली.

सव्विसाव्या बाईंना तिथे सगळे काकू म्हणत. त्यांच्याहून सात वर्षांनी मोठे असलेले विभागप्रमुखही काकूच म्हणत. सहायिकेला दारात पाहून काकूंनी एका हाताने बाजूचा स्टूल ओढला, दुसऱ्या हाताने कानावरचा माइक खाली घेतला आणि समोरचा लुकलुकणारा दिवा दाबला.

“बोला. श्वास चालू आहे का? बरं. दाराची कडी काढून ठेवा आणि परत त्यांच्याजवळ जाऊन बसा. गाडी निघाली.”

पलीकडच्या बाईचा पत्ता सांगून पुरा झाला नव्हता, तोवर गाडी खरंच निघाली होती. तेवढ्यात दुसरा दिवा लागला. कोणीतरी शिडीवरून पडलं होतं आणि काकूंकडे आता एकही गाडी उरली नव्हती. त्यांनी शेजारच्या विभागाला फोन लावला, “तुमची पुलाजवळची द्या, तासाभरात परत करते,” म्हणाल्या आणि पडलेल्या माणसाला हलवू नका असं घरच्यांना बजावलं. सहायिका सवयीने मनात सेकंद मोजत होती. पहिल्या वेळी दोन झाले, दुसऱ्या वेळी तिला मोजायला वेळच मिळाला नाही.

दिवे शांत झाले तेव्हा तिने कागद पुढे केला.

“जवळजवळ हाच प्रश्न मी तुम्हाला विचारला होता. एक गाडी, दोन फोन.”

“हो ना. मला वाटलं, आमच्यातल्याच कोणीतरी काढलाय.” काकू चष्मा शोधत होत्या. तो त्यांच्या डोक्यावरच होता.

“मग त्या दिवशी एवढा विचार का करत होतात?”

“विचार कसला? तुम्ही खाली मान घालून लिहीत होतात. तुमचं लिहून व्हायचं होतं.”

“म्हणजे उत्तर तयार होतं?”

“तोंडात येऊन बसलं होतं. पण समोरचं माणूस लिहितंय आणि आपण मध्येच बडबडायचं म्हणजे... त्यात तुमचं अक्षर सावकाश. म्हटलं, काहीतरी चुकेल बिचारीचं आणि सर ओरडतील.” काकूंनी सही केली, कागद परत दिला. मग सहज विचारावं तसं विचारलं, “निकाल उद्याच ना? मला काही घाई नाही हो. मुलगी सकाळपासून तीनदा विचारतेय.”

इन्चार्जची खुर्ची त्यांच्या मागेच होती, काचेच्या दारापलीकडे. अकरा वर्षं त्या तिच्याकडे पाठ करून बसत होत्या.

सहायिका झपाझप परत आली. खोलीत शिरताच तिने पिशवीही न ठेवता हेडफोन चढवला आणि काकूंचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. या खेपेला तिने बोलणं ऐकलं नाही. बोलण्याच्या मधलं ऐकलं.

तिथे खरखर होती. पातळ कागद, खाली लाकडी टेबल, वर तिचंच पेन. प्रश्न संपला की पेन सुरू होई, पेन थांबलं की काकू बोलू लागत. अकरा सेकंद पेन चालत होतं आणि अकराव्या सेकंदाला उत्तर येत होतं.

पुस्तिकेत लिहिलं होतं की प्रश्न विचारताच समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव टिपून घ्यावेत. तिकडे परदेशात विचारणारा एक असतो आणि टिपणारा दुसरा, काचेआड. इथे दुसऱ्या माणसाचा पगार मंजूर झाला नव्हता, म्हणून दोन्ही कामं तिच्याकडे आली होती. तिने घाईघाईने काकूंचा तक्ता काढला. दुसऱ्या प्रश्नासमोर तिच्या गोल, सावकाश अक्षरात शेरा होता: ‘संकोच. आत्मविश्वास कमी वाटला.’

ते वाक्य लिहायला तिला अकरा सेकंद लागले होते. आत्मविश्वास कमी आहे असं ती लिहीत होती आणि ते तिचं नीट लिहून व्हावं म्हणून काकू उत्तर तोंडात धरून बसल्या होत्या.

तिने एकेक करून बायकांची सगळी रेकॉर्डिंग लावली. सव्वीसपैकी तेवीस जणी पेन थांबायची वाट पाहत होत्या. मग पुरुषांची लावली; ते पेन चालू असतानाच बोलत सुटले होते आणि शेरा लिहिताना तिची कशी तारांबळ उडत होती तेही ऐकू येत होतं. फक्त एक जण निराळा निघाला, चौदा नंबरचा, हळू आवाजात बोलणारा एक पन्नाशीचा ऑपरेटर. तोही थांबत होता, चांगले आठ-आठ सेकंद. तिने त्याचा तक्ता ओढून काढला. शाई तीच होती, अक्षर तेच. शेरा होता: ‘विचारपूर्वक उत्तर देतात.’

तिला लाज वाटली, सरळ लाज. भाषांतर चुकलं असतं, घड्याळ बिघडलं असतं, तर ते कोणाच्या तरी माथी मारता आलं असतं. हे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि लिहिताना तिला जराही खटकलं नव्हतं. महिनाअखेरीला तिचा करार संपत होता, तो वाढवायचा की नाही ते सरांच्या हातात होतं. पेनाची ती खरखर आजवर फक्त तिच्या कानांनी ऐकली होती. ती गप्प बसली असती तर कोणाला पत्ता लागला नसता.

काकूंच्या सहीचा कागद अजून पिशवीतून डोकावत होता. तिने दोन्ही तक्ते उचलले, हेडफोन गळ्यात अडकवला आणि सरांच्या खोलीचं दार वाजवलं.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, हातातलं काम बाजूला सारलं आणि न टोकता सगळं ऐकून घेतलं. हेडफोन लावून चार रेकॉर्डिंगही ऐकली. चौथं चौदा नंबरचं होतं. मग त्यांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले आणि शेऱ्यांवर बोट टेकवलं.

“हे शेरे कोणाचे?”

“माझेच, सर. दोन्ही.”

“मी तपासले होते,” सर म्हणाले. “दोन्हीवर माझी सही आहे.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आणि काचेआडचा माणूस नको, एकीने भागेल, असंही मीच लिहून दिलं होतं. निकाल वेगळा आला असता तर मी चार वेळा तपासला असता. हा आपला... हवा तसाच आला.”

बाहेर व्हरांड्यात कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं. उद्याच्या बैठकीची तयारी चालली असावी.

“बैठकीला पत्र द्यावं लागेल,” सरांनी कोरा कागद पुढे घेतला, पेनाचं टोपण काढलं. “चूक नेमकी कोणाची म्हणून लिहायचं?”

विचारता विचारताच त्यांनी मान खाली घातली आणि तारीख घातली, विषय लिहायला घेतला. सहायिका त्या पेनाकडे बघत राहिली. उत्तर तिला माहीत होतं. दाराबाहेर उभी असतानाच माहीत होतं. पेन पहिल्या ओळीच्या शेवटाला गेलं, दुसऱ्या ओळीवर आलं.

तिथे ते थांबलं. सरांनी कागदावरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग स्वतःच्या हाताकडे. त्यांनी टोपण लावलं आणि पेन टेबलाच्या पार कडेला ठेवून दिलं.

“बोला.”

“माझी,” ती लगेच म्हणाली. “त्या पुस्तिकेची. आणि तुमचीही, सर.”

सरांनी मान डोलावली. पेन उचललं, पुन्हा खाली वाकले आणि लिहू लागले.

“तो अहवाल उद्या बैठकीत ठेवायचा नाही,” सहायिका म्हणाली. “काकूंची चाचणी पुन्हा घ्यायची. नुसती त्यांची नाही, सगळ्यांची, आणि पेनाशिवाय. ते जमणार नसेल तर त्यांच्या मागे एक दिवस बसून बघायचं, मी आज बघितलं तसं.”

सरांचं अजून पहिलंच वाक्य चाललं होतं. ती बोलत राहिली.