हॅडलीच्या दाराची बिजागरी

"दोर धरा गं, दोर सोडू नका, पाणी चढतंय हळूहळू…"

व्हर्नाच्या बापाचा आवाज कर्ण्यातून निघायचा आणि नदीवरच्या कोळसा वाहणाऱ्या सपाट नावांवर, बार्जांवर, धुक्यासारखा पसरायचा. बार्जांना तो बायामाणसं समजूनच बोलायचा. हॅडलीच्या लॉकची, म्हणजे नावा वर-खाली नेणाऱ्या बंदिस्त हौदाची, लोखंडी दारं मागे मिटायची, हौद भरायचा, आणि काठावर बसलेल्या सहा वर्षांच्या व्हर्नाच्या पायांपर्यंत बार्ज वर यायची.

ती व्हर्ना आता राजधानीत असते. एकोणीस वर्षं झाली, कायदेमंडळाच्या ऊर्जा-पाणी उपसमितीच्या बैठकीत सदस्य टॅकेटसाहेबांच्या मागच्या खुर्चीवर बसते नि प्रश्न लिहून देते. मागच्या रांगेनं बोलायचं नसतं, फक्त चिठ्ठी पुढे सरकवायची.

आज साहेबांना पाच मिनिटं होती. पुढ्यातला वेळेचा दिवा हिरवा झाला आणि त्यातली दोन मिनिटं त्यांनी आभारात आणि आपल्या गावच्या माशांच्या बढाईत घालवली. व्हर्नानं चिठ्ठी सरकवली: 'बिजागरी!'

"हां, तर हॅडलीचं दार," टॅकेटसाहेब म्हणाले. "बिजागरीला तडा जाऊन चार वर्षं झाली. आम्ही पैसा दिला. दुरुस्ती कुठाय?"

समोर जलमार्ग खात्याचे उपप्रमुख लिंडक्विस्ट. "सन्माननीय सदस्यांच्या चिंतेत आम्ही सहभागी आहोत."

"चिंता पुष्कळ आहे माझ्याकडे. बिजागरी द्या."

हशा पिकला. "प्राधान्यक्रमाचा आढावा चालू आहे, सर."

"गेल्या वर्षीही चालूच होता. इतका चालून पोचला कुठं तो?"

"लेखी कळवतो."

दिवा लाल झाला. असली तीन लेखी उत्तरं व्हर्नाच्या खणात होती. तारीख तेवढी वेगळी, बाकी सगळं शब्दाला शब्द तेच. जात्यात दाणाच नाही आणि घरघर मात्र वर्षभर. तिला पेन मोडावंसं वाटलं. पण लिंडक्विस्ट तिच्याकडे बघून ओळखीचं हसला, आणि तिनं मान खाली घातली.

ते हसू का, हे दोघांनाच ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी हॅडलीची बिजागरी दुरुस्त कराच, हे वाक्य खात्याला पैसा देणाऱ्या कायद्याच्या मसुद्यात होतं. लिंडक्विस्ट गोड बोलत आला होता: "कायद्यात कशाला, मॅडम? सोबतच्या अहवालात टाका. अहवालाचा शब्द आम्ही कधी मोडलाय?" मोडत नसत, खरंच, तशी इथली जुनी रीत होती. मसुदा अडून बसला होता, घाई होती. तिनं वाक्य उचलून अहवालात ठेवलं. कायदा हुकूम करतो, अहवाल विनवतो. साहेबांनी न वाचता सही केली. पैसा खात्याच्या मोठ्या रकमेत मिसळला तो मिसळलाच, आणि वाक्य दरवर्षी अहवालातच राहिलं.

दुपारी साहेब आपल्या खोलीत घेवड्याच्या सूपमध्ये बिस्किटं कुस्करत होते. "उद्या मसुदा पक्का होतोय. गेल्या वर्षीचंच वाक्य घाल, व्हर्ना. जरा तिखट कर. कायदा मोडतात म्हणजे काय, लेकाचे!"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. धाकटा भाऊ, ड्वेन. बापाच्या जागी आता तोच लॉकवर होता.

"ताई, दार निम्म्यात अडकलं गं आज. आत बार्ज, बार्जेवर दोघं. साखळी लावून ओढलं कसंबसं."

"कुणाला लागलं?"

"आज नाही. तुमच्या त्या समितीचं काय झालं?"

"सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

साहेब चमचा चाटत होते. "तोंड का उतरलं तुझं? सूप घे थोडं."

दोर धरा, दोर सोडू नका. पण चार वर्षं ती जे धरून बसली होती, तो दोर नव्हताच.

"साहेब, ते कायदा मोडत नाहीयेत," व्हर्ना म्हणाली. "कायद्यात ते वाक्य कधी गेलंच नाही. तुम्हाला न विचारता मी ते काढून अहवालात टाकलं. लिंडक्विस्टच्या शब्दावर. उद्या कायद्यात घाला, आणि माझ्या हातून नको, तुम्ही स्वतः वाचून घाला."