कानाच्या टोकाचा ठिपका

थोरलीने कम्प्युटरच्या पडद्यावरचा, धाकटीने ठिपक्याठिपक्यांनी काढलेला बोका आठपट मोठा केला आणि त्याच्या पाठीवर बोट टेकवलं.

"ही आउटलाइन बघ. इथे तपकिरी, इथे पिवळी, पुढे तर गायबच. तुटल्यासारखी दिसते."

धाकटी खुर्चीच्या पाठीवर हनुवटी ठेवून बघत होती.

"मग काय करू, ताई?"

"काळी कर. सगळीकडून. आणि नारिंगीच्या सहा छटा कशाला? दोन पुरेत."

खरं तर बोका एवढा मोठा करून कुणी बघणारच नव्हतं. गेममध्ये तो नखाएवढा दिसणार होता, आणि नखाएवढा असताना धाकटीच्या बोक्याच्या पाठीवर चक्क ऊन पडलेलं दिसायचं. पोटाखाली रेघ गडद, पाठीवर रंगात विरून गेलेली. सकाळी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हाच थोरलीच्या पोटात दुखायला लागलं होतं. हिला माऊस धरायला शिकवलं आपण, या ऑफिसात चिकटवली आपण, आणि हिच्या हातात हे आलं कुठून? सख्ख्या बहिणीचा हेवा, आणि तोही एका बोक्यावरून!

नव्या गेमचा नायक दोघींपैकी एकीचाच बोका होणार होता. साहेब दुपारी निवडणार होते. त्याआधी चित्र कुणाला तरी दाखवून घ्यायचं, अशी ऑफिसची रीत. या दोघी एकमेकींनाच दाखवत.

धाकटीने मान डोलावली. तिने जरा वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं थोरलीला वाटून गेलं.

"आता तुझा दाखव."

थोरलीचा बोका नीटनेटका होता. नुसताच नीटनेटका. धाकटीने तो मोठा केला नाही. ती उठून दारापाशी गेली आणि तिथूनच डोळे किलकिले करून बघत राहिली.

"मस्त झालाय गं. फक्त डाव्या कानाच्या टोकाचा काळा ठिपका काढ, तिथे फिका नारिंगी टाक. एकच."

"त्याने काय होणारे?"

"करून तर बघ."

थोरलीने केलं, आणि बोक्याने कान टवकारला. ठिपका परत काळा करावा म्हणून तिचा हात पुढे गेला, पण तिने तो मागे घेतला.

दुपारी साहेबांनी दोन्ही बोके शेजारी शेजारी ठेवले. धाकटीचा बोका जाड काळ्या रेघेत आवळल्यासारखा बसला होता.

"हा," साहेब थोरलीच्या बोक्याकडे बोट दाखवत म्हणाले. "याचा कान बघा. जीव आहे याच्यात."

सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या धाकटीने. काहीतरी सांगायला थोरलीने तोंड उघडलं. "थँक यू, सर," एवढंच बाहेर पडलं.

जागेवर आल्यावर धाकटी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली.

"माझ्या बोक्याचं काय बिघडलं गं, ताई? तू सांगितलंस ते सगळं केलं मी."

थोरलीने पडद्यावरची नजर न काढता विचारलं,

"सकाळचा ठेवलायस ना कुठे?"

"नाही गं. तू तुटलाय म्हणालीस ना, त्याच्यावरच सेव्ह केलं. सांग ना, काय चुकलं?"

पडद्यावर थोरलीचा बोका कान टवकारून बसला होता, ती काय सांगते ते ऐकायला.