कोनादूच्या कॉम्प्युटरची तारीख

आमच्या ताफो वस्तीत माणूस गेला की पहिला फोन शवागाराला जातो आणि दुसरा माझ्या धाकट्या बहिणीला, कोनादूला. मयताचं पोस्टर तिच्यासारखं अख्ख्या कुमासी शहरात कुणी करत नाही. वर मोठा फोटो, खाली मुलांची, भाच्यांची नावं आणि दफनाचा शनिवार. हे सगळं ती घरच्या कॉम्प्युटरवर करते. त्यातला पोस्टरचा प्रोग्राम मी दिलेला आहे. 'दिलेला' म्हणजे काय, ते आज सांगून टाकतो.

आईच्या दफनाला जमलेल्या सगळ्या भाऊबंदांसमोर मी उभा राहिलो आणि म्हणालो, बहिणीच्या पोटापाण्यासाठी मी हा प्रोग्राम कायमचा विकत घेतलाय. लोकांनी वाहवा केली, म्हाताऱ्यांनी पाठ थोपटली. खरं म्हणजे तो महिनाभर फुकट वापरायला मिळणारा नमुना होता. महिना भरत आला की मी 'तपासणी'च्या नावाखाली जायचो, कॉम्प्युटरची तारीख मागे ढकलायचो, कोनादूच्या हातचे कंद कुटून केलेले फुफूचे गोळे आणि बकऱ्याचा रस्सा हाणायचो आणि घरी यायचो. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ मी दडवून ठेवलं होतं. बाहेर सहा वर्षं उलटली, त्या कॉम्प्युटरात तोच जानेवारी चालू राहिला.

त्या शनिवारी कोनादूच्या मुलीची, अचियाची परीक्षा होती. परदेशात औषधशास्त्र शिकायची शिष्यवृत्ती, अख्ख्या देशातून चार जागा. परीक्षा घरूनच द्यायची, पण त्यांचाच प्रोग्राम बसवून. तो प्रोग्राम त्याच दिवशी सकाळी सातला मिळणार आणि दहाच्या ठोक्याला दार बंद. फोनवर तो चालत नव्हता. कोपऱ्यावरचं इंटरनेटचं दुकानही बंद, कारण मालक स्वतःच्या चुलत्याच्या दफनाला गेलेला. आमच्यात भाचीचा पहिला हक्क मामावर. तेव्हा आठ वाजता मी कोनादूच्या खोलीत हजर होतो.

अचियाने प्रोग्राम फोनवर उतरवून कॉम्प्युटरात घातला होता. दाबला की लाल चौकट यायची आणि सगळं थांबायचं.

"मामा, ते म्हणतंय दाखला अजून लागू झालेला नाही," ती म्हणाली. "कॉम्प्युटरची तारीख चुकलीय का, बघता?"

मला तत्क्षणी कळलं. असल्या प्रत्येक प्रोग्रामबरोबर त्याचा दाखला येतो, त्यावर तारीख असते. आमच्या कॉम्प्युटरच्या हिशोबाने तो दाखला जन्माला यायला अजून सहा वर्षं होती. तारीख पुढे केली की हा प्रोग्राम बसणार, आणि यंत्र चालू होताच आपोआप उघडणारा पोस्टरचा प्रोग्राम 'मुदत संपली' म्हणून बोंब मारणार. आणि कोनादू माझ्या पाठीमागेच स्टुलावर बसून दुपारच्या मयताची पत्रकं दुमडत होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"अस्सं?" मी म्हणालो. "म्हणजे मामाने पंधरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त न करता चौकात डाळीचे कोसे तळले वाटतं?"

"अगं, कुणाच्या तोंडी लागतेस?" कोनादू गरजली. "मामा आहे तो तुझा! गप बस."

आमच्याकडे मामाला एकदा सांगता येतं, दुसऱ्यांदा नाही.

मग मी तमाशा मांडला. व्हायरस पकडणारा प्रोग्राम काढून टाकला. जागा नाही म्हणत जुनी पोस्टरं हलवली. यंत्र बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. दर वेळी तीच लाल चौकट. कोनादूला बाहेर कसं काढावं एवढाच विचार डोक्यात होता.

"कोनादू, जरा पाणी आण गं."

"अचिया आणेल. मी इथेच बसते दादा, मला धीर वाटतो तू असलास की."

अचिया पाणी घेऊन आली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. नऊ वाजले, साडेनऊ झाले. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. कोनादू, मी खोटं बोललो होतो. ती रडली असती, चार दिवस बोलली नसती, पोस्टरांचं काहीतरी केलं असतं. हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि मी नुसता माउस फिरवत राहिलो.

दहाला पाच कमी असताना फाटकाशी हाक आली. मयताचा भाचा पत्रकं न्यायला आला होता. कोनादू गठ्ठा घेऊन बाहेर गेली. मी झपकन तारीख पुढे केली. पोस्टरचा प्रोग्राम मिटला. परीक्षेचा प्रोग्राम कुरकुर न करता बसायला लागला आणि गोगलगाईसारखा सरकत राहिला. तो उघडला तेव्हा दहा वाजून चार मिनिटं झाली होती. पडद्यावर लिहिलं होतं, प्रवेश बंद.

अचिया रडली नाही. माझ्या हातावरून हात नेऊन तिने माउस घेतला, तारखेची खिडकी उघडली आणि नेमका तोच जानेवारी पुन्हा लावला. पोस्टरचा प्रोग्राम उघडला.

"आईला संध्याकाळी अजून एक पोस्टर द्यायचंय," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

कोनादू घाम पुसत आत आली. "झालं ना रे दादा?"

"कसलं होतंय!" मी म्हणालो. "युरोपातून आलेलं वापरलेलं भंगार आहे हे यंत्र. त्यात हिने सकाळी काहीतरी भलतंच दाबून ठेवलेलं."

कोनादू मटकन खाली बसली. मग सगळा राग पोरीवर निघाला. "तुला शंभरदा सांगितलं होतं, मामा येईपर्यंत हात लावू नकोस! स्वतःचं वाटोळं केलंस, वर त्याचा शनिवार खाल्लास. माफी माग त्याची."

मी नको म्हणू शकलो असतो.

अचिया उठली. रीतीप्रमाणे डाव्या तळव्यावर उजवा हात उताणा ठेवून माझ्यापुढे वाकली.

"मामा, चुकलं माझं. तुम्हाला उगाच त्रास दिला."

माफी मागितली की समोरच्याने उत्तर द्यावं लागतं. कोनादू माझ्या तोंडाकडे बघत होती.

"जाऊ दे पोरी," मी म्हणालो. "केली माफ."