आवाज बाहेर जातो का?

स्क्रू नवा होता. कडीचे बाकीचे तीन जुने, डोक्यांवर रंगाचे थर चढलेले, आणि हा चौथा एकटाच चकचकीत, डोकंही इतरांहून जाड. तिनं तो अंगठ्यानं दाबून पाहिला, मग बोट चौकटीवरून हळूहळू खाली नेलं. गुडघ्याच्या उंचीला पुट्टी. पुट्टीवर रंग. आणि रंगाखाली वीतभर उभी चीर, डोळ्यांना न दिसणारी पण बोटाला लागणारी. ही वाळवी नव्हे, ओलही नव्हे. बंद दार बाहेरून लाथेनं उघडलं की चौकट अशी फाटते... आधी कडीपाशी, मग खाली. आणि जो आत असतो त्याला लाकूड फाटल्याचा आवाज आधी येतो, लाथेचा नंतर. कुणाला खरं वाटणार नाही, पण तसंच असतं.

"काही निघालं का मॅडम?" मागून तरुणानं विचारलं.

"बाथरूमचं दार एकदा दुरुस्त झालंय," ती म्हणाली. "चौकट बदलून घ्या."

का दुरुस्त झालं असेल, हे तिनं सांगितलं नाही. ते तिचं काम नव्हतं. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना घर तपासून द्यायचं, एवढंच तिचं काम. भिंती ठोकायच्या, फरशा ठोकायच्या, ओल शोधायची, कागदावर लिहून द्यायचं. त्याआधी कितीतरी वर्षं तिनं बांधकामांवर देखरेख केली होती. लाकडी मुठीची छोटी हातोडी घेऊन ती इतकं ठोकायची की मिस्त्री लोक तिला पाठीमागे ठोकबाई म्हणायचे. "ठोकबाई आल्या, आता सगळ्यांना पडणार," असं कुणीतरी ओरडायचं आणि तीही हसायची. हसायला काय जातं? आयुष्यात तिनं कधी कुणावर हात उचलला नव्हता. मुंगीवरसुद्धा नाही, असं ती स्वतःच सांगायची, आणि सांगताना तिला बरं वाटायचं.

"रिकाम्या घरावर भाळू नका," तिनं नेहमीचं सुरू केलं. "रिकामं घर सगळ्यांनाच मोठं दिसतं. एकदा सकाळी येऊन बघा, एकदा भर दुपारी. सगळे नळ एकदम सोडा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते कुठं जातं ते उभं राहून बघा. रंग ताजा असेल तर विचारा, कशावर मारलाय."

तरुणाची बायको हे सगळं वहीत उतरवून घेत होती. दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती ती. अक्षर सुबक, चेहरा तरतरीत. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. तिला स्वयंपाकघराची खिडकी आवडली होती. तिथून खालचं पटांगण दिसायचं आणि समोरच्या इमारतीतल्या बायका कपडे वाळत घालताना दिसायच्या.

"इथं उभं राहिलं की करमेल," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिनं नवऱ्याच्या बुटांकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही. बुटांकडे.

बूट हलले. तो जवळ आला, हसत, आणि त्यानं तिच्या मानेवर मागून हात ठेवला, अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला, लाडानं मांजराचं पिल्लू उचलावं तसा. "करमणूक करायला घर घेतोय का आपण?" तो म्हणाला. मोठा गोड माणूस. आल्या आल्या त्यानं ठोकबाईसाठी पाण्याची बाटली आणली होती, जिन्यात तिची पिशवी घेतली होती. बोटांची टोकं मात्र पांढरी पडली होती. लाडानं धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडत नाहीत... मला माहीत आहे. मला बोटांबद्दल सगळं माहीत आहे.

तिनं हातोडीनं फरशी ठोकली. टण. टण. बद्द. इथं पोकळ होतं. तिनं खडूनं फुली मारली.

"भिंती जाड आहेत ना मॅडम?" त्यानं विचारलं.

"मधल्या जाड आहेत."

"आवाज बाहेर जातो का?"

हातातला खडू थांबला. इतक्या वर्षांत शेकडो लोकांनी तिला आवाजाबद्दल विचारलं होतं. वरच्यांच्या पावलांचा, शेजारच्यांच्या टीव्हीचा, रस्त्यावरच्या भोंग्यांचा. आवाज आत येतो का, असं विचारतात लोक.

"आत येतो का, असं म्हणायचंय ना तुम्हाला?"

"दोन्ही हो," तो हसला. "हिचा आवाज कधीकधी चढतो. शेजारपाजाऱ्यांना कशाला त्रास?"

बायकोही हसली. अर्धा क्षण उशिरा.

तो अर्धा क्षण... ठोकबाईचं स्वतःचं पहिलं घर तिनंच पसंत केलं होतं. दोन खोल्या, इमारतीच्या टोकाला, एका बाजूला जिना आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. "किती शांत आहे!" असं तीच म्हणाली होती, भिंतीला कान लावून, तेवीस वर्षांची, नव्या घराच्या वासानं खुळावलेली. नवरा म्हणाला होता, तुला आवडलं ना, मग झालं. तिसऱ्या महिन्यात पहिली कानफटात बसली. कारण काही नव्हतं, म्हणजे होतं, पण ते चमचाभर मिठाएवढं होतं. मग केस. मग पट्टा. पट्ट्याचं एक असतं, त्याची वेळ कळते, कारण तो काढावा लागतो. हाताचं तसं नसतं. एका रविवारी दुपारी ती बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसली. पाठ दाराला, पाय समोरच्या भिंतीला टेकवून, अंगातलं सगळं बळ पायांत आणून. आणि पाठीमागे लाकूड फाटलं. दाराची फळी तिच्या खांद्यावर आली, गळ्याखालचं हाड कट्कन मोडलं, ते तिनं ऐकलं. खालच्या मजल्यावर रेडिओ चालू होता. ती ओरडली. रेडिओ मोठा झाला.

म्हणजे आवाज जात होता. जात होता बाहेर. भिंती इतक्याही जाड नव्हत्या.

"मॅडम?"

"बघू या ना," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला नेहमीसारखाच, कोरडा, कामाचा वाटला. "त्याची एक साधी तपासणी असते. तुम्ही बाहेर जिन्यात थांबा. दार ओढून घ्या. आम्ही आतल्या खोलीत जातो, तेही दार लावतो. ही ओरडेल. तुम्हाला ऐकू आलं का ते सांगा."

अशी काही तपासणी नसते. त्याला मात्र गंमत वाटली. "ओरड हं चांगलं. लाजू नकोस," असं म्हणत तो बाहेर गेला.

आतल्या खोलीत दोघीच उरल्या. नव्या रंगाचा उग्र दर्प. एकच खिडकी, तीही आतल्या चौकाकडे.

"ओरड," ती म्हणाली.

मुलीनं तोंड उघडलं. मान ताणली, गळ्याच्या शिरा वर आल्या, आणि आवाज आलाच नाही. आला तो आत ओढलेला, श्वासासारखा. तिनं पुन्हा प्रयत्न केला. दोन्ही हात आपसूक पोटावर गेले.

"मला नाही येत," ती कुजबुजली.

"कधीच नाही आलं, की आता येईनासं झालं?"

मुलगी वहीचा कोपरा दुमडत राहिली.

"मानेवर करतो ना? केसांच्या आत? दिसू नये म्हणून?"

"मावशी, नको ना," मुलगी म्हणाली. मॅडमवरून एकदम मावशी. "ते वाईट नाहीयेत. रागाच्या भरात होतं. नवीन घरात गेलो की थांबेल, ते म्हणालेत. इथं सासूबाईंची कटकट नाही, जागा लहान नाही..."

घरात गेल्यावर थांबेल. मी तर म्हणाले होते, पडदे लावले की थांबेल. पलंग आला की थांबेल. मूल झालं की... मूल राहिलंच नाही, दुसऱ्या महिन्यात जिन्यावरून... पडले मी. डॉक्टरांना मी पडले असंच सांगितलं, आणि डॉक्टरनं मान खाली घालून तेच लिहिलं.

आणि मग ती ओरडली.

मुलगी नव्हे. ती. ओरडायचं असं काही ठरवलं नव्हतं. पोटातून, बेंबीच्या देठापासून काहीतरी निघालं, छातीत मावेना, गळा फाडून बाहेर आलं. शब्द नव्हता त्यात. रिकाम्या खोलीनं तो आवाज झेलला आणि दुप्पट करून परत फेकला. मुलगी भिंतीला चिकटली. आवाज थांबत नव्हता. थांबला तेव्हा तिला पायऱ्यांवरून धावत येणारे बूट ऐकू आले, बाहेरचं दार आपटलं, आणि आतलं दार धाडकन भिंतीवर आदळलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. तो सरळ बायकोकडे गेला.

"काय सांगितलंस तू हिला?"

"काही नाही. मी काहीच नाही..."

"काय सांगितलंस?" त्याचा डावा हात तिच्या मानेवर बसला, आता लाड नव्हता, हसू नव्हतं, आणि त्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. फार जोरात नाही. ताज्या रंगावर बद्द असा आवाज झाला. उजवा हात त्यानं तोल सावरायला खिडकीच्या चौकटीवर टेकवला होता, बोटं पसरून.

पाच बोटं. स्वच्छ नखं. अंगठी.

हातोडी खाली आली. ती आपण आणली की ती आपोआप आली, हे पुढे कुणी विचारलं तर काय सांगायचं हे तिला कळणार नव्हतं, पण त्या क्षणी तिला सगळं स्वच्छ कळत होतं. किती वर उचलायची, मनगट कसं सैल सोडायचं, कुठं बसली पाहिजे. ती मधल्या दोन बोटांच्या मुळाशी बसली. काहीतरी आत दबलं आणि मोडलं. तिनं पुन्हा उचलली. तो किंचाळत हात छातीशी धरून खाली बसला नसता तर दुसरी त्याच्या कपाळावर बसली असती. तिला कपाळच हवं होतं. भुवयांच्या मधोमध.

"वेडी आहे ही! धरा हिला कुणीतरी!" तो ओरडत होता. शेजारचं दार उघडलं, वरच्या मजल्यावरून कुणीतरी "काय झालं हो?" विचारलं. एक बाई ओल्या हातांनी धावत दारापर्यंत आली. आवाज बाहेर जात होता. चांगला खणखणीत जात होता.

"पोलिसांना सांगा," ती त्या बाईला म्हणाली. "मीच सांगते, हवं तर. यानं बायकोला मारलं, मी याला मारलं. दोन्ही लिहू द्या त्यांना."

"कुणी काही सांगू नका!" हे मुलगी म्हणाली. ती नवऱ्याशेजारी गुडघ्यांवर बसली होती, ओढणीनं त्याचा हात गुंडाळत होती, घट्ट, सराईतपणे, दवाखान्यात शिकल्यासारखं. "आधी डॉक्टर. उठा. उठा ना, मी धरते तुम्हाला."

तो उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तो बायकोच्या खांद्यावर रेलला होता. दाराशी तिनं त्याला त्या शेजारणीच्या हवाली केलं आणि पेन, वही घ्यायला म्हणून परत आली.

"माझ्याबरोबर चल," ठोकबाई म्हणाली. "आत्ताच. आहेस तशी. माझ्याकडे जागा आहे."

मुलीनं वही उचलली. मानेवर चार लाल खुणा उठत होत्या.

"तुमचं झालं ना मारून?" ती अगदी हळू म्हणाली. त्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवेना. "तुम्ही आता तुमच्या घरी जाल. हे सगळं माझ्यावर निघेल. प्लास्टर सुटेपर्यंत रोज निघेल. डावा हात आहेच की त्यांना."

"म्हणून तर म्हणते, चल."

मुलीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग नजर खाली गेली, तिच्या हाताकडे, मग आणखी खाली, तिच्या चपलांकडे, आणि तिथं क्षणभर थांबली. जशी त्याच्या बुटांवर थांबायची तशी.

"पत्ता द्या," ती म्हणाली. "येईनच असं नाही."

तिनं पत्ता लिहून दिला. मुलीनं तो कागद चार घड्या करून वहीच्या पुठ्ठ्यात सरकवला आणि ती गेली. जिन्यात बराच वेळ पावलं वाजत राहिली. तिची हलकी, त्याची जड. मग खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज, मग तोही नाही. शेजारीण दोनदा डोकावून गेली. काही विचारायला धजली नाही.

ठोकबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली. आता हात थरथरतील, असं वाटून तिनं ते मांडीवर ठेवले. ते थरथरले नाहीत. आता रडू येईल. आलं नाही. पोलीस येतील, नाहीतर येणार नाहीत. काम जाईल, जाऊ दे. मुलगी येईल, किंवा... त्या 'किंवा'पाशी ती थांबली, पुढं जायला बघत होती, पण मन पुढं गेलंच नाही. ते भलतीकडेच गेलं. खिडकीतून ऊन आत आलं होतं. छाती मोकळी होती, इतकी मोकळी की श्वास पायांपर्यंत उतरत होता. कानांत कसलीही गुणगुण नव्हती. सगळं कसं निवांत, धुऊन काढल्यासारखं.

मारून झालं की तिचा नवरा असा व्हायचा. निवांत. आरशासमोर उभा राहून भांग पाडायचा, खिडकी उघडायचा, आणि मग अगदी प्रेमानं, खरंच प्रेमानं, विचारायचा, जेवायला काय आहे गं? ती फरशीवरून उठून पोळ्या लाटायला जायची आणि मनात म्हणायची, हे ढोंग आहे. माणसाला मारून लगेच कुणाला भूक लागते का? आपल्याला आणखी लाजवायला हा भुकेचं नाटक करतो. सव्वीस वर्षं ती हेच म्हणत आली होती. वकिलाला म्हणाली होती, आईला म्हणाली होती. माझी तक्रार माराबद्दल नाही, त्या जेवणाबद्दल आहे, असंसुद्धा एकदा म्हणाली होती.

नाटक नव्हतं ते.

शेजारच्या घरात फोडणी पडली. तो वास भिंतीखालून, दाराखालून, कुठून कुठून आत आला, आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं गिळलं. पुन्हा सुटलं. पोटात खड्डा पडावा अशी ती भूक होती, निरोगी, साधी, कुणाचंही वाईट न चिंतणारी, आणि सकाळी घरून निघताना तर मी पोटभर खाल्लं होतं.